डिझास्टर शब्दाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

डिझास्टर हा शब्द आपण सर्रास वापरतो, पिक्चर पडला की डिझास्टर, लग्नात जेवण कमी पडलं की डिझास्टर, आणि बोलण्यात त्यात काहीच चूक नाही. पण शब्दाचं मूळ सांगणारे जे मेसेज फिरतात त्यात भरपूर गडबड असते आणि स्पर्धा परीक्षेची मुलं तेच नोट्समध्ये उतरवून घेतात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे या शब्दाच्या मुळात जो 'तारा' आहे त्याचा अर्थ आकाशातून आदळलेली उल्का असा लावणं. तसं नाहीये. इटालियनमध्ये आस्त्रो म्हणजे तारा आणि दिसास्त्रो म्हणजे ज्याचे तारे वाईट त्याच्यावर आलेलं संकट, तिथून शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला. म्हणजे आपण ग्रह फिरले म्हणतो ना, साडेसाती लागली म्हणतो ना, तोच विचार. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकात हॅम्लेटचा मित्र होरेशिओ सूर्यातल्या डिझास्टर्सबद्दल बोलतो, तिथे आजचा अर्थ लावला की काहीच कळत नाही, कारण तो अपशकुनाबद्दल बोलतोय.

दुसरं, दुर्दैवातला दुर् आणि डिझास्टरमधला डिस् एकच असं लिहू नका. कानाला पटतं खरं, पण दुर् चं नातं आहे ग्रीक डिस् शी, जो डिसेंट्री, डिस्लेक्सिया या शब्दांत येतो आणि इंग्रजीत वाय घालून लिहितात. डिझास्टरमधला डिस् लॅटिनकडून आलाय, त्यात आय असतो, त्यामुळे शंका आली की आधी स्पेलिंग बघा. आपल्याशी खरं नातं आहे ते ताऱ्याच्या भागाचं, ऋग्वेदातलं स्तृभिः म्हणजे ताऱ्यांनी, ग्रीक आस्तेर आणि इंग्रजी स्टार, हे सगळे एकाच जुन्या मुळातून आलेत. पण म्हणून डिझास्टर संस्कृतमधून आला असं होत नाही, ही भावंडं आहेत.

आता ज्या चुकीचा मला मनापासून राग येतो ती. भूकंप म्हणजे डिझास्टर, पूर म्हणजे डिझास्टर असं सरळ समीकरण मांडतात. भूकंप हा धोका आहे, इंग्रजीत हॅझार्ड, तो निर्मनुष्य वाळवंटात झाला तर त्याला कोणी डिझास्टर म्हणणार नाही. किल्लारी आठवा, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपलेले, आणि दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं अंगावर कोसळली, सुमारे दहा हजार माणसं गेली. जमीन हलली तो निसर्ग, पण जीव घेतला तो घरांनी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली व्याख्या नीट वाचा, त्यात नैसर्गिक कारणांबरोबर मानवनिर्मित कारणं आहेत, अपघात आहे, हलगर्जीपणासुद्धा आहे, आणि नुकसान त्या भागातल्या लोकांना झेपण्यापलीकडचं असलं पाहिजे ही अट आहे. तारे कुठेच नाहीत! १६०८ साली छापलेल्या शेक्सपिअरच्याच किंग लिअर नाटकात एडमंड हेच बोलतो, की आपल्याच वागण्याने नशीब फिरलं तरी आपण आपल्या डिझास्टर्सचा दोष सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांना देतो. एडमंड नाटकातला खलनायक आहे पण त्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यामुळे उत्तरात नुसतं 'निसर्गाचा कोप' लिहून मोकळं होऊ नका, घरं कशी होती, लोक कुठे राहत होते, इशारा पोचला का, हे लिहा.

कॅटास्ट्रॉफी आणि डिझास्टर एकाच मुळाचे समजणं हीपण चूक. कॅटास्ट्रॉफी ग्रीकमधून आला, अर्थ उलथापालथ, आणि आधी तो नाटकाच्या शेवटच्या कलाटणीसाठी वापरायचे, मग ते नाटक विनोदी असलं तरी.

आणि स्पेलिंग. डिझास्टरचं डिझास्ट्रस करताना टी नंतरचा ई जातो, तो ठेवला की स्पेलचेक लाल रेघ मारतो. उच्चार डिसास्टर नाही, मधे झ आहे.