मनालीले फोर-बाय-फोर नेणाऱ्या पोरांसाठी

आमच्या दारव्ह्याकडं पावसाळ्यात पांदण रस्त्यानं खताची पोती न्यायची तर एकच रीत: फोर-एच टाका, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडा, गॅस द्या, थांबू नका. काळी माती टायरच्या खाचांत लिंपून बसते. चाक जोरात फिरलं तरच ती उडते. वीस वर्षं मी असाच वावरात गाडी घालत आलो. हीच सवय घेऊन एका जानेवारीत मालकाच्या घरच्यांना मनालीपलीकडच्या सिस्सूला नेलं अन् फसलो.

बर्फावर चाक गरगर फिरलं की घासून वरचा बर्फ वितळतो, पाणी धरतं, मग त्याचीच काच होते. तिथं निघायचं दुसऱ्या गिअरवर, क्लच सावकाश सोडत, गॅस नावापुरता. नव्या गाडीतला स्नो मोड हेच करतो: पेडल दाबलं तरी ताकद जपून देतो, गिअर लवकर वरचा घेतो.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते पाहा. लिव्हर किंवा बटणावर टू-एच (दोनच चाकांना ताकद), फोर-एच, फोर-एल (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) असेल तर बहुतेक ती पार्ट-टाइम, म्हणजे चारही चाकं गरजेपुरती जोडायची. फोर-एच टाकलं की चाकांकडं ताकद नेणारे पुढचा अन् मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतात, दोन्ही एकाच वेगानं फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना मात्र जास्त अंतर कापावं लागतं. बर्फात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, ताण सगळा गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं. मनालीहून सिस्सूकडं जाताना लागणारा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. आत रस्ता कोरडा असेल तर टू-एचवर या, पलीकडं लाहौलात बर्फ लागला की फोर-एच.

माझ्या भाच्याची गाडी दुसऱ्या जातीची, ऑल-व्हील ड्राइव्ह. एरवी ताकद पुढच्या चाकांना. ती घसरली की मधला क्लच आवळून काही ताकद मागं धाडतो. एकच चाक हवेत फिरत असेल तर कॉम्प्युटर त्याच चाकाला ब्रेक लावतो, ताकद पलीकडच्या चाकाला मिळते. तुम्ही फक्त गॅस हलका, सारखा धरून ठेवायचा, मध्येच सोडायचा नाही. पण गाडी खोल रुतली असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी ही यंत्रणा, थोडा वेळ बंद करा, नाहीतर तो इंजिनची ताकदच कापत बसतो.

आता माझी फजिती. सिस्सूच्या अलीकडच्या उतारावर लिव्हर फोर-एचवर, मी निर्धास्त. पुढची टॅक्सी थांबली, मी ब्रेक मारला. पायाखाली पेडल थरथरलं, ब्रेकनं चाक जाम होऊ न देणारं एबीएस आपलं काम करत होतं, अन् गाडी तळ्यात उतरणाऱ्या म्हशीसारखी संथपणे घसरतच राहिली. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसलं तेव्हा थांबली. मागून काकू म्हणाल्या, "काऊन रे, चारही चाकं चालतात म्हणे ना?" चालतात, काकू, पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांवर असतो! फोर-बाय-फोर निघायला मदत करते, थांबायला टायरच लागतो. उताराला आधीच खालचा गिअर घ्या, फार तीव्र असेल तर फोर-एल. उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारा हिल डिसेंट कंट्रोल असेल तर तो लावा. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा.

अन् टायर म्हणाल तर आपला उन्हाळी टायर साधारण ७ अंशाखाली कडक होऊ लागतो, पकड सोडतो. त्यामुळं टायरवर बांधायच्या साखळ्या न्याच. जमलं तर चारही चाकांना लावा, अन् बांधायचा सराव इथंच अंगणात करून घ्या; तिथं बोटं वळत नाहीत.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून जाम होऊ शकतो. सपाट जागा पाहून गिअरमध्ये लावा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, अन् बंडीला लावतो तसा चाकाखाली दगड. सकाळी तो काढायचा असतो. मी विसरलो होतो.