लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचे मोजके सामान : खान्देशच्या रस्त्यांचा विचार करून

सायकलप्रवासाच्या सामानाची यादी करण्याआधी रस्ता पक्का करावा. सोबत काय न्यायचे, हे त्या रस्त्यावर काय मिळत नाही यावरून ठरते, आणि हा हिशोब मांडल्याशिवाय केलेली यादी हमखास फुगते. उदाहरणासाठी एक फेरी धरू. भुसावळहून निघावे, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असे सातपुड्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून पश्चिमेकडे जावे, तोरणमाळ चढून उतरावे, प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार गाठावे आणि साक्री, धुळे, चाळीसगाव करत जळगावमार्गे परतावे. ही फेरी साधारण सहाशे किलोमीटरची होते. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावा, कारण एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्या उन्हात सामान कितीही विचारपूर्वक निवडले तरी दुपारी सायकल चालवणे शहाणपणाचे ठरत नाही.

या वाटेवर चहा, पोहे, केळी, साबण, तापाच्या गोळ्या, टॉवेल, चप्पल, एवढेच काय तर नवा शर्टसुद्धा एका दिवसाच्या टप्प्यात कुठे ना कुठे मिळतो. गिअरच्या सायकलीची ७०० सी मापाची ट्यूब, डिस्क ब्रेकचे पॅड, साखळीची नेमक्या मापाची जोडकडी आणि मागचा डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्यावर बसतो तो हँगर मात्र तालुक्याच्या बाजारात मिळण्याची आशा धरू नये. म्हणून कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाचे सामान निर्दयपणे कापावे, पण हत्यारे आणि पाणी यांत काटकसर करू नये. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बॅगा उघडल्या तर नेमके उलटे दिसते. तीन टी-शर्ट आणि एक छोटा स्टोव्ह निघतो, आणि पंक्चरच्या डबीतले सोल्यूशन मात्र कधीच वाळून गेलेले असते.

पंक्चरचा विषय इथे थोडा विस्ताराने घ्यायला हवा, कारण बाभूळ आणि सराटे यांच्यापासून खान्देशातला कोणताही शेतरस्ता मोकळा नाही. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या बांधावरून रस्त्यावर येतात, तर सराट्याचे काटे रस्त्याच्या कडेच्या धुळीत दडून असतात. सायकल थांबवताना डांबरावरून खाली उतरवली की ते टायरला लागतात, म्हणून थांबताना ती उचलून कडेला न्यावी. टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असावेत, कारण सपाट डांबरी रस्त्यावर ते फारसे मागे ओढत नाहीत आणि उखडलेल्या खडीवर हाताला कमी हादरे बसतात. ट्यूबलेस टायर असतील तर निघण्यापूर्वी सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारे द्रव, ताजे भरावे. उष्ण आणि कोरड्या हवेत ते लवकर वाळते, त्यामुळे पावसाळ्याआधी भरलेल्या सीलंटवर हिवाळ्यातल्या प्रवासात विसंबू नये. सोबत सीलंटची लहान बाटली आणि भोक बुजवायच्या रबरी पट्ट्या ठेवाव्यात. ट्यूबलेस असले तरी एक ट्यूब घ्यावीच आणि साधे टायर असतील तर दोन घ्याव्यात. काळ्या दगडाच्या धारदार खडीने टायरची बाजूची भिंत फाटली तर सीलंटचा उपयोग होत नाही. अशा वेळी आतून लावण्यासाठी जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा जवळ असावा.

पंक्चर काढताना ट्यूब जोडून लगेच टायर चढवू नये. बाभळीचा काटा पुष्कळदा आत टोक मोडून राहतो. बाहेरून तो दिसत नाही आणि नवी ट्यूब भरल्यावर पुढच्या मैलभरात पुन्हा हवा जाते. टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवले तर बोटालाच काटा रुततो. त्यापेक्षा बांधावरच्या बोंडातला कापसाचा पुंजका घेऊन आतून हळू फिरवावा. टोक जिथे असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात, आणि मग बारीक चिमट्याने ते टोक बाहेर ओढता येते. या कामासाठी निराळे साधन विकत घेण्याची गरज नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला तर या भागात कापूस मागावाही लागत नाही, कारण तो वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरमधून उडून रस्त्याच्या कडेच्या झुडपांवर अडकलेला असतो.

व्हॉल्व्हचा प्रश्न लहान वाटतो, पण तोच माणसाला रस्त्यात बसवून ठेवतो. गावातल्या सायकल दुकानाचा पंप साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हसाठी असतो आणि महामार्गावरच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी असतो. आपल्या सायकलीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर जेमतेम काही ग्रॅम वजनाचे पितळी अडॅप्टर सोबत ठेवावे. कॉम्प्रेसरची हवा मात्र थोडी थोडी भरून घ्यावी, नाहीतर ट्यूब फुटायला वेळ लागत नाही. जुन्या काळ्या सायकलीची २८ इंची ट्यूब अडीनडीला ७०० सी टायरमध्ये बसते, असे जाणकार सांगतात आणि ते खरे आहे, पण प्रेस्टासाठी पाडलेल्या रिमच्या अरुंद भोकातून तिचा जाड व्हॉल्व्ह जात नाही. म्हणून आपल्या रिमचे भोक कोणत्या मापाचे आहे, हे घरीच पाहून ठेवावे.

बाकी हत्यारांमध्ये साखळी तोडणी असलेले मल्टिटूल, आपल्या साखळीच्या मापाच्या दोन जोडकड्या, आपल्याच मॉडेलचा हँगर, ब्रेक पॅडची एक जोडी, गिअरची एक वायर, साखळीचे थोडे तेल, आवळून बांधायच्या चार-पाच प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पंपावरच गुंडाळून ठेवलेली इलेक्ट्रिकची टेप एवढे पुरते. हे सगळे मिळून किलोभराच्या आतबाहेर भरते आणि त्यातले काहीही कमी करण्यासारखे नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. त्या घाटातून भरल्या सायकलीने उतरताना ब्रेकवर किती ताण येतो, हे अनुभवल्यावर पॅडच्या जोडीचे वजन कोणालाही जाणवणार नाही.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. पायथ्याच्या मोठ्या रस्त्यावर तीन लिटर पाणी सोबत असले की चालते. शहाद्याहून वर चढताना किंवा धडगाव-मोलगीकडच्या आतल्या वाटांवर जाताना साडेचार ते पाच लिटर घ्यावे, कारण तिथे दोन वस्त्यांमधले अंतर नकाशावर कमी दिसले तरी चढामुळे त्याला तास लागतात. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन, त्यामुळे ते फ्रेमच्या खालच्या भागात आणि पुढच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून बांधावे. पाठीवरच्या पिशवीत ते घेऊ नये, कारण दुपारपर्यंत खांदे आणि बूड दोन्ही त्याची तक्रार करू लागतात. बाटलीवर ओले फडके गुंडाळले तर कोरड्या हवेत पाणी बऱ्यापैकी गार राहते. हातपंपाच्या किंवा ओढ्याच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. ओआरएसची पाकिटे पाच-सहा असावीत आणि पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्धे पाकीट अर्ध्या बाटलीत अंदाजाने टाकण्याची सवय चांगली नाही.

स्टोव्ह आणि भांडी घरी ठेवावीत, यात मला तरी दुमत दिसत नाही. प्रत्येक फाट्यावर चहा मिळतो आणि प्रत्येक धाब्यावर शेवभाजी मिळते, फक्त ती तर्रीदार शेवभाजी दुपारी खाऊन लगेच सायकलवर बसू नये. अडचण येते ती पहाटेची. ऊन टाळण्यासाठी सहाच्या आत निघायचे तर हॉटेले उघडलेली नसतात. त्यासाठी घरून निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी. दुधात पीठ मळलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, तर कळण्याची भाकरी भरिताबरोबर ताजी खाण्याचीच गोष्ट आहे. पुढे गूळ, शेंगदाणे आणि केळी यांवर सकाळचा पहिला टप्पा सहज निघतो. रावेर-यावल-चोपडा या पट्ट्यात तर केळी विकत घ्यायला जावे आणि शेतकऱ्याने पैसे घेऊ नयेत, असे प्रसंग येतात.

मुक्कामासाठी तंबू न्यावा की नाही, यावर मात्र मतभेद आहेत. माझे मत न नेण्याकडे झुकते. प्रकाशासारख्या तीर्थाच्या गावी धर्मशाळा आहेत, तालुक्याच्या गावी लॉज आहेत, धुळे-सुरत महामार्गावरच्या धाब्यांवर खाटा मिळतात आणि लहान गावात पुजाऱ्याला किंवा सरपंचांना विचारले तर मंदिराचा सभामंडप मिळू शकतो. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेत, त्यामुळे तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनविभागाची परवानगी लागते. तंबूऐवजी एकट्याची हलकी मच्छरदाणी, गुंडाळी होणारी पातळ चटई आणि एक पातळ पांघरूण पुरे. मच्छरदाणी फक्त डासांसाठी नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा साप बहुधा मण्यार असतो, आणि चटईखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी तो धोका बराच कमी करते. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या माथ्यावर मुक्काम असेल तर पांघरूण जाड हवे. अक्कलकुवा तालुक्यात डाबच्या परिसरात दव गोठावे अशी थंडी पडते, आणि खाली तापीकाठी दुपारी घाम येत असताना वरच्या रात्रीचा अंदाज येत नाही.

कपड्यांचे फार काही सांगण्यासारखे नाही. एक जोड अंगावर आणि एक बॅगेत. पॅड असलेल्या दोन चड्ड्या, लांब बाह्यांचे दोन पातळ शर्ट, संध्याकाळी देवळात किंवा कुणाच्या घरी जाण्यासारखा सैल पायजमा, एक विंडचिटर आणि एक पंचा. पंचा डोक्याला बांधता येतो, अंग पुसता येते, भिजवून मानेभोवती घेता येतो आणि रात्री उशाला होतो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या मुक्ताईच्या पालखीतल्या वारकऱ्यांच्या पिशव्या एकदा बारकाईने पाहाव्यात. इतक्या लांबच्या वाटेला त्यांचे धोतराचे दोन जोड कसे पुरतात, हे पाहिले की तिसरा टी-शर्ट आपोआप बाहेर निघतो.

मोबाइलसाठी दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक घ्यावी, पण डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. व्होल्टेज बदलताना होणारी घट धरली तर त्यातून साधारण सहा-साडेसहा हजारच हाती येतात, म्हणजे आजचा मोठा फोन जेमतेम सव्वा वेळ भरतो. धडगावच्या पुढे अनेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यावा, दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहावेत आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्यावर लावलेला असेल तर मागची बॅग बांधल्यावर तो झाकला जातो, म्हणून तो मागच्या चाकाच्या वरच्या नळीवर हलवावा. चौपदरी महामार्गावर ट्रक मागून येत असताना हा तपशील क्षुल्लक राहत नाही.

आता बॅगा. बाइकपॅकिंगमध्ये कॅरिअर न लावता तीन बॅगा थेट सायकलीला बांधतात. फ्रेममध्ये चार-पाच लिटरची, सीटमागे दहा-बारा लिटरची आणि हँडलला आठ-दहा लिटरची बॅग पुरते. याहून मोठी बॅग घेऊ नये, कारण रिकामी जागा दिसली की ती भरली जातेच. हत्यारे आणि इतर जड वस्तू फ्रेमच्या बॅगेत ठेवाव्यात. सीटमागच्या बॅगेत कपडे आणि पांघरूण घट्ट कोंबावे, नाहीतर उभे राहून पेडल मारताना ती शेपटीसारखी डोलते. हँडलच्या बॅगेत चटई आणि मच्छरदाणी ठेवावी, आणि ती बांधल्यावर ब्रेक-गिअरच्या वायरी दबत नाहीत ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासावे. हिवाळ्यात महागड्या जलरोधक बॅगांची गरज नाही, पण फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, तेव्हा आतून जाड पॉलिथिनची पिशवी घालावी. इथल्या काळ्या मातीचा फुफाटा बॅगेच्या चेनमध्ये (झिपमध्ये) बसून ती अडकते, म्हणून तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगा बऱ्या पडतात. चेन असलीच तर तिच्यावर मेणबत्ती घासावी.

पाणी आणि खाणे सोडून सगळे सामान किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहावे. सात-आठ किलोच्या वर गेले तर अजून काढण्यासारखे काहीतरी आहे असे समजावे. त्यानंतर याच बांधणीने पद्मालय किंवा पाटणादेवी अशी एका मुक्कामाची फेरी करावी आणि परतल्यावर न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. हत्यारे, औषधे आणि दिवा वापरले गेले नाहीत तरी ते तसेच राहू द्यावेत, बाकीच्यांचा निकाल लावावा.

फेरी भुसावळला रेल्वेने येऊन सुरू करायची असेल तर सायकल पार्सल कार्यालयात देताना तिन्ही बॅगा सोडवून स्वतःजवळ घ्याव्या लागतात, आणि मग तीन सुट्या बॅगा, हेल्मेट आणि बाटल्या घेऊन जिने चढताना तारांबळ उडते. धान्याची एक रिकामी गोणी घडी करून सीटमागच्या बॅगेच्या पट्ट्याखाली ठेवली तर सगळे सामान तिच्यात घालून एका हाताने उचलता येते.