छातीला मुका मार बसला? एक्स-रे वर थांबू नका, झडप पण बघून घ्या

आपल्या खान्देशात हायवेवर केळीच्या गाड्या, शेतात ट्रॅक्टर, आणि बाईक तर घरोघरी, कुठं ठोकलं आणि स्टिअरिंग छातीत बसलं की लोक एक्स-रे काढतात, बरगडी मोडली नाही म्हटलं की हळदीचा लेप लावून घरी. पण भाऊ, बरगड्या शाबूत असल्या तरी आत हृदयाची झडप (रक्त मागं येऊ न देणारं दार) फाटू शकते. फार कमी जणांना होतं, पण ज्याला होतं त्याचा जीव धोक्यात असतो.

होतं असं की झडप बंद असताना बाहेरून जोरात दाब आला की आतलं रक्त तिच्यावर आदळतं, पडदा फाटतो नाहीतर त्याला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटतात. मग विहिरीतला फुटवॉल्व्ह लीक झाल्यावर मोटर बंद केली की पाणी परत खाली उतरतं ना, तसं रक्त मागं येतं. बहुतेक वेळा एओर्टिक झडप (हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दारातली), मग मायट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली). ट्रायकस्पिडचं (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) प्रमाण कमी.

जागेवर १०८ ला फोन करा, पेशंटला बाईकवर मधे बसवून नेऊ नका, छाती चोळू नका. धाप लागत असेल तर जबरदस्तीनं आडवं पाडू नका.

दवाखान्यात मार कशाचा आणि कुठं बसला ते नीट सांगा. ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) रक्ततपासणी करा म्हणा, दोन्ही नॉर्मल आले तर हृदयाला मोठी इजा असायची शक्यता खूप कमी होते. पण ईसीजी बिघडलेला असेल, बीपी पडत असेल, दम वाढत असेल किंवा डॉक्टरला स्टेथोमधे नवीन आवाज आला तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच झालाच पाहिजे. छातीवरून नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून नळी टाकून इको करतात, घाबरू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

घरी आल्यावर पण लक्ष ठेवा, कारण कधीकधी त्रास काही दिवसांनी, महिन्यांनी सुरू होतो. जिना चढताना धाप, झोपताना दोन उशा लागणं, रात्री दम कोंडून उठून बसणं, गुलाबी फेस येणारा खोकला (हा आला तर लगेच इमर्जन्सी). ट्रायकस्पिड फाटली तर माणूस वर्षानुवर्षं काम करत राहतो, मग पायावर सूज येते, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, पोट फुगतं आणि सगळे लिव्हर नाहीतर किडनी तपासत बसतात. म्हणून जुना अपघात डॉक्टरला आठवणीनं सांगा, तेव्हाचे कागद जपून ठेवा.

झडप फाटलीच तर जमलं तर रिपेअर करतात, नाहीतर बदलतात. मेटलची बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) वेळच्या वेळी तपासायचा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.