‘अ‍ॅडल्ट’ शिकवायचा तर आधी चिंचा आणा

नागपुरात, महाल भागात, मी आठवी ते दहावीची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘अ‍ॅडोलेसन्ट’ आणि ‘अ‍ॅडल्ट’ हे शब्द तेरा-चौदा वर्षांच्या पोट्ट्यांना सुटे सुटे शिकवू नका, जोडीनंच शिकवा.

चिंचेच्या दिवसांत दोन चिंचा आणा, एक गाभुळलेली आणि एक पिकलेली. गाभुळलेलीचं टरफल नुकतं सुटू लागलेलं असतं, गर अजून हिरवट-तांबूस. पिकलेलीचं टरफल बोटानं दाबलं की कट्‌कन फुटतं. दोन्ही चाखू द्या. मग फळ्यावर लॅटिन क्रियापद लिहा: आदोलेस्केरे, म्हणजे वाढीला लागणं. त्याच्या वर्तमानकाळी रूपातून ‘अ‍ॅडोलेसन्ट’ आला, म्हणजे वाढता. भूतकाळी रूप आदुल्तुस, त्यातून ‘अ‍ॅडल्ट’, म्हणजे वाढलेला. आपला ‘प्रौढ’सुद्धा असाच घडलाय: प्र अधिक ऊढ, पुढे नेलेला.

आता खरी गंमत. या क्रियापदाच्या मुळाशी आलेरे आहे, म्हणजे पोसणं, खाऊ घालणं. माजी विद्यार्थ्याला ‘अ‍ॅलम्नस’ म्हणतात तो याच मुळाचा, पोसलेला. आणि मराठीत? आई ताटात वाढते, मूल अंगानं वाढतं. हे वाक्य मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. एवढं सांगितलं की शब्द पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक खबरदारी मात्र घ्याच. माझ्याकडच्या एका मुलीनं शाळेच्या निबंधात प्रौढपणासाठी ‘अ‍ॅडल्टरी’ लिहिलं, म्हणजे व्यभिचार. वर्गात ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं हात वर केला नाही. मला अजून राग येतो त्याचा. तिचा अंदाज अगदी सरळ होता, पण हा शब्द ‘अ‍ॅडल्ट’चा नातेवाईकच नाही. तो आदुल्तेरारेवरून आला, म्हणजे बिघडवणं, भेसळ करणं. म्हणून आधी दुधातल्या पाण्याची गोष्ट काढा, ‘अ‍ॅडल्टरेशन’ लिहा, मग व्यभिचाराचा तो शब्द शेजारी मांडा. अवघडलेपण राहत नाही. प्रौढपणाला ‘अ‍ॅडल्टहुड’, हे तिथंच लिहून घ्या.

अठरा वर्षांचा ‘सज्ञान’ यात मिसळू नका. तो १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यातला ‘मेजर’, त्याचा तास वेगळा.

जाताना पिकलेल्या चिंचेतला चिंचोका वहीत ‘अ‍ॅडल्ट’शेजारी चिकटवायला सांगा.