फाल्गुनराव-कृत्तिका बसवताना

सोसायटीच्या गणपतीत नवरा-बायकोचं काही विनोदी बसवायचं ठरलं की मी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाकडेच वळते. संगीत रूपात ते आलं १९१६ साली. त्याआधीच्या गद्य नाटकाचं नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, म्हणजे मुख्य पात्र कोण ते देवलांनीच सांगून ठेवलंय. तसबीर!

गाणारं कुणी नसेल तर पदं बिनधास्त गाळा. एकमेकांवर संशय घेणारे नवरा-बायको फाल्गुनराव आणि कृत्तिका, त्यांचा नोकर भादव्या आणि रस्त्यात भेटलेल्या रेवतीची घेरी एवढं ठेवलं तरी पाऊण तास रंगतो.

पहिली तालीम घेरीच्या प्रवेशाची घ्या. रेवतीला सावरणारा फाल्गुनराव खरोखर मदतच करतोय, असं दिसलं पाहिजे. आमच्या काकांनी तिथे मिशीला पीळ दिला आणि कृत्तिकेचा संशय खराच ठरला. मग हसायचं कशाला? पुढे रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची तसबीर हातात आल्यावर कृत्तिकेनेही ती निव्वळ कौतुकाने न्याहाळायची. दोघंही निर्दोष, दोघांनीही अर्धंच पाहिलेलं. कोण कुठून काय पाहतं, ते जमिनीवर खडूने आखून घ्या.

भांडणात आवाज चढवू नका, हातांना काम द्या. मी फाल्गुनरावाला अडकित्ता दिला. कृत्तिका वाळलेले कपडे घडी करतेय. सगळ्यांच्या घड्या झाल्या, त्याचं उपरणं तेवढं बोळा करून बाजूला. तो बघतो, बोलत नाही. कट्! सुपारी फुटते. संहितेत नसलेला हा हशा आम्हाला प्रत्येक प्रयोगात मिळाला.

हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य घ्या. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर प्रवेश ढेपाळतो. आणि प्रॉम्प्टरला पॉज कुठे आहेत ते पेन्सिलीने लिहून द्या, नाहीतर नट गप्प झाला की तो विंगेतून वाक्य फेकतो. “अहो, विसरला नाहीये तो, रुसलाय!” असं मला तालमीत ओरडावं लागलंय.

तसबीर पोस्टकार्डाएवढी हवी. आम्ही आधी लॉकेटएवढी केली होती, मागच्या रांगांना वाटलं बाई आरशात बघतेय. दुसरी प्रत विंगेत खिळ्याला टांगून ठेवा. एका वर्षी तसबीर घरीच राहिली, आणि आमच्या कृत्तिकेने मोबाईलच्या काळ्या पडद्याकडे बघत “काय देखणा पुरुष!” म्हणून वेळ मारून नेली. नेमका तेव्हाच तिच्या खऱ्या नवऱ्याचा फोन आला.