टाकी धुतली तरी पाण्याला वास येतो? या चुका टाळा

उन्हाळा लागला की नागपुरात टाकी धुणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. दोन पोरं येतात, मशीन लावतात, तासाभरात टाकी चकाचक करून पैसे घेऊन जातात. आठ-दहा दिवसांनी बाथरूमचा नळ सोडला की पुन्हा तोच वास, आणि मग सगळा दोष त्या पोरांच्या माथी. पण बऱ्याच घरांत वासाचं मूळ टाकीच्या तळाशी नसतंच. ते झाकणात असतं, पोर्चमधल्या टाक्यात असतं, टुल्लू पंपात नाहीतर गिझरमध्ये असतं. ते सापडेपर्यंत टाकी कितीदा धुतली तरी फरक पडणार नाही.

न शोधताच धुवायला घेणं

झाकणाच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. सकाळी नळ आला की पहिली बाटली थेट नळाच्या पाण्याने अर्धी भरा, म्हणजे पाणी टाक्यात पडायच्या आधीच. दुसरी खालच्या टाक्यातून, तिसरी वरच्या टाकीतून, चौथी स्वयंपाकघरातल्या नळातून. प्रत्येकीवर खूणचिठ्ठी लावा, बाटली जोरात हलवा, झाकण काढून लगेच वास घ्या. ज्या बाटलीपासून वास सुरू होतो, तिथे काम आहे. दहा मिनिटांची ही चाचणी केलेली घरं फार कमी दिसतात, हे आश्चर्यच.

वासाची जातही बरंच सांगते. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीला येतो तसा वास पाण्याला येत असेल तर शेवाळ किंवा त्याच्या सोबतीचे सूक्ष्मजीव आहेत. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, आणि माणसाच्या नाकाला ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. म्हणून पाणी दिसायला स्वच्छ असूनही वास येऊ शकतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. बोअरचं पाणी भरणाऱ्या घरांत हा जास्त आढळतो, कारण प्राणवायू नसलेल्या जागी वाढणारे जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू तयार करतात. गटाराचा वास आला तर मात्र थांबायचं, ते पाणी वापरायचं नाही आणि थेट पाणीपुरवठा विभागात तक्रार करायची. ते टाकी धुण्याचं काम नव्हे.

आणि नळाला हलका क्लोरीनचा वास येत असेल तर तो चांगला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. तो वास जावा म्हणून धडपडणारे लोक पाहिले की हसू येतं.

नळाच्या लाइनवर टुल्लू लावणं

पाण्याला जोर नाही म्हणून मीटरच्या पुढे टुल्लू बसवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. तसा पंप लावायला मनाई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वासाशी त्याचा काय संबंध हे फारसं कुणी सांगत नाही. पंप लाइन ओढतो तेव्हा पाइपात दाब उलटा होतो. रस्त्याखालून जाणाऱ्या त्या पाइपाला कुठे बारीक भेग असेल, सांधा सैल असेल, आणि शेजारून नाली वाहत असेल, तर ते पाणीही आत खेचलं जातं. आपल्या टाक्यातच नाही, शेजाऱ्याच्याही. नळ आल्या आल्या पहिली काही मिनिटं पाणी गढूळ येत असेल तर ते टाक्यात न घेता सोडून द्यावं. पावसाळ्यात तर हे रोजचंच ठेवा.

पोर्चमधलं टाकं

बहुतेक स्वतंत्र घरांत खालचं टाकं पोर्चमध्ये, गाडीच्या अगदी खाली असतं. झाकण फरशीच्या पातळीला, कडेने एक बोटभर फट, आणि उचलायला मध्ये दोन भोकं. आता रविवार सकाळ डोळ्यांपुढे आणा. गाडी धुतली जाते, साबणाचं पाणी त्या फरशीवरून गेटकडे जातं, आणि त्यातलं थोडं गुपचूप भोकांतून खाली उतरतं. चपलांची धूळ, इंजिनातून टपकलेलं ऑइल, कुत्र्याचे पाय, सगळं त्याच वाटेने. झाकण उचलून त्याची खालची बाजू बघा: काळपट, चिकट थर बोटाला लागला तर उत्तर मिळालं.

टाक्याच्या तोंडाभोवती निदान पाच-सहा इंच उंच कठडा बांधून घ्या आणि वरून टोपीसारखं, कडा खाली वळलेलं झाकण बसवा. गाडी अडते म्हणून गवंडी नको म्हणेल; मग टाक्याचं तोंड भिंतीकडे सरकवून मागा. हा एकदाचा खर्च दरवर्षीच्या धुलाईपेक्षा जास्त कामाचा आहे. ड्रेनेजचा चेंबर टाक्याला खेटून असेल आणि टाक्याचं प्लॅस्टर फुगलेलं असेल, तर आतून वॉटरप्रूफिंग करून घेतल्याशिवाय दुसरं काही करू नका.

वरच्या टाकीला उन्हात सोडून देणं

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी स्लॅबवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. गरम पाण्यातला क्लोरीन लवकर उडतो, आणि तो उडाला की जीवाणूंना रान मोकळं. त्यात टाकी पातळ भिंतीची, पांढरी असेल आणि आत उजेड झिरपत असेल, तर शेवाळही धरतं. भर उन्हात झाकण थोडं उचलून आत डोकावा. भिंती उजळलेल्या दिसल्या तर शेवाळ येणारच. आतून काळा थर असलेली टाकी घ्या, किंवा आहे त्या टाकीवर झाडांसाठी बांधतो तशी हिरवी नेट बांधा. नेटमुळे ऊन अडतं आणि पाणी कमी तापतं.

झाकणाचा आटा तुटलेला आणि वर वीट ठेवलेली, हे दृश्य मानेवाड्यापासून मनीषनगरापर्यंत कुठल्याही स्लॅबवर दिसेल. नवं झाकण सुटं मिळतं, ते आणा. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पाल तिथूनच आत जाते, आणि डासही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्यापाशी अंडी घालतो, तीही पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून पुन्हा भरली तर काही साधत नाही. पाण्याची रेषा जिथे उमटलेली असते तो पट्टा ब्रशने घासावाच लागतो. हेच कूलरलाही लागू. पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो आणि त्यातलं पाणी तसंच राहतं, ते आधी काढा.

दोन माणसांसाठी दोन हजार लिटर

मुलं पुण्याला, घरात आई-बाबा दोघंच, पण टाकी सहा माणसांच्या हिशेबाने घेतलेली. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरचा. म्हणजे दोघांना २७० लिटर. दोन हजारांच्या टाकीत आठवडाभराचं पाणी साठून राहतं, वरून रोज थोडं नवं पडतं आणि जुनं तिथेच फिरत राहतं. साठलेल्या पाण्यात क्लोरीन टिकत नाही. फ्लोट व्हॉल्व, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा, खाली घेऊन टाकी पाव किंवा अर्धीच भरू द्या. बाहेर काढणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर असतो, त्यामुळे खालचा गाळ सहसा नळातून येत नाही आणि साचतच राहतो. तळाशी वेगळा वॉशआउट व्हॉल्व असेल तर महिन्यातून एकदा मिनिटभर उघडायचा. नसेल तर पुढच्या वेळी प्लंबर आला की बसवून घ्यायचा.

घाणीवर ब्लिचिंग शिंपडणं

क्लोरीन आधी घाण खातो, मग जंतू. गाळ आणि चिकट थर तसाच ठेवून पावडर टाकली तर ती त्या थरातच संपते, आणि उलट औषधी, बोचरा वास येतो. म्हणून क्रम चुकवायचा नाही. टाकी रिकामी करा, प्लॅस्टिकच्या ब्रशने भिंती, छत आणि झाकणाची आतली बाजू घासा, गाळ काढा, धुऊन पुन्हा रिकामी करा. कपड्यांचा साबण नको, त्याचा वास आठवडाभर जात नाही. मग टाकी भरून पावडरीचं पाणी घाला.

प्रमाण असं: लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवा. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडरीत साधारण पाव भाग क्लोरीन धरला, तर हजार लिटरला २०० ग्रॅम पुरते. पोतं उघडं राहून दमट झालं असेल, वास मंदावला असेल, तर तिचा जोर गेलेला असतो. ती पावडर फेकून द्या. कोरडी पावडर टाकीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला. मग घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, म्हणजे पाइपही स्वच्छ होतील. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सगळं सोडून द्या आणि एक-दोनदा साध्या पाण्याने धुऊन काढा. हे पाणी तुळशीला किंवा माशांच्या टाकीला घालू नका.

यात दोन गोष्टींची चालढकल चालणार नाही. ब्लिचिंगसोबत संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरायचं नाही. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि बंद टाक्यात एकट्याने उतरायचं नाही. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, पंपाची वीज बंद करा, वर एक माणूस उभा ठेवा. आत क्लोरीनचं पाणी असताना तर मुळीच उतरू नका.

जांभळाचं लाकूड आणि तुरटी

पिण्याच्या पाण्यावर काम करणारी नीरी ही संशोधन संस्था १९५८ पासून ज्या शहरात आहे, तिथेही व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून लोक टाकीत जांभळाचं लाकूड सोडतात आणि निश्चिंत होतात. जांभूळ पाण्यात लवकर कुजत नाही हे खरं, म्हणून तर विहिरींच्या बांधकामात ते वापरत. पण त्याने टाकीतले जंतू मरतील किंवा शेवाळ धरणार नाही, असा भरवसा ठेवू नये. तुरटीचं वेगळं. ती गाळ खाली बसवते, पण टाकीतच फिरवली तर तो गाळ टाकीच्याच तळाशी बसणार. वापरायची तर घागरीत किंवा वेगळ्या पिंपात.

फिल्टर आणि गिझर

ब्लिचिंग करण्याआधी आरओचा पुरवठा बंद करा. एवढ्या क्लोरीनने त्यातला पाणी गाळणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, खराब होतो. पाइप पूर्ण धुऊन झाले की मगच चालू करायचा. घरात आरओ आहे म्हणून टाकीकडे बघायचं नाही, हा विचारही अर्धवट: आंघोळ, गुळण्या आणि भाजी धुणं टाकीच्याच पाण्याने होतं.

चारही बाटल्या निर्दोष निघाल्या आणि फक्त गरम पाण्यालाच अंड्याचा वास येतो? मग टाकीला हात लावू नका. गिझरच्या आत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून. काही पाण्यांत तिच्याशी जीवाणूंची जोडी जमून तोच हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. मेकॅनिककडून गिझर रिकामा करून, आतून धुऊन, कांडी बघून घ्या. गरज असेल तर ॲल्युमिनियमची कांडी बसवता येते.