दिवे मंद केले की माइक घरघरतो

सोलापुरातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या तालमीत ही पीडा होती. पूर्ण उजेडात घरघर जवळजवळ नाही, दिवे निम्म्यावर आणले की सर्वांत जास्त. म्हणजे दोष माइकचा नव्हेच, दिवे मंद करणाऱ्या डिमरचा. तो विजेची लाट मधेच कापतो. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर डिमरच्याच लाइनवर होते. वायरमनकडून दोन्ही वेगळ्या फेजवर घेतले. माइकच्या वायरी दिव्यांच्या केबलच्या गठ्ठ्यातून सोडवून रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. ओलांडाव्याच लागल्या तिथे काटकोनात. घरघर गेली. घरघर घालवायला अर्थिंगची पिन तोडा, असं कुणीतरी सांगतंच. बिलकूल ऐकू नका, जिवावर बेतेल. आता पंख्यांचा आवाज उरलाय. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखे बंद करा म्हणायची दिग्दर्शकाचीही छाती नाही.